दमलेलं मेंढरू

“मग पाहायचं तरी कसं, गुरुजी?”

शलाकानं पुन्हा विचारलं. सकाळपासून ती हेच विचारत होती.

दौलत गुरुजी लिंबाच्या बुंध्याला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होते. त्यांनी बाटली उन्हात धरून पाहिली. तळाशी थोडंसंच तेल उरलं होतं.

“काय बघायचंय?”

“साऊ इथं रमते की नाही, ते.”

“कोन विचारतंय?”

“तिचे वडील. शाळा सुटताना येणार आहेत. बाईंना विचारा, असं तुम्हीच त्यांना सांगितलंत ना?”

“व्हय. सांगितलंया.”

“मग मी त्यांना काय सांगू?”

गुरुजींनी दुसरा गुडघा पुढे घेतला.

“आता ते मला काय ठावं… बघतियास तू.”

ही शाळा माळावरची. तिला पत्र्याची एक खोली होती, पण खोलीत फळा आणि खडू ठेवायचे, आणि पाऊस फारच झोडपायला लागला तर पोरं. एरवी शाळा लिंबाखाली, ओढ्यात, वारुळापाशी, जिथं काही सापडेल तिथं भरायची. दौलत गुरुजी नोकरीतून कधीचे मोकळे झाले होते. शाळेतून मोकळं होणं काही त्यांना जमलं नव्हतं. आता अंग थकलं होतं आणि तरी रोज सकाळी ते काठी टेकत माळ चढत होते.

शलाका दसऱ्याच्या सुमारास शहरातून आली. गुरुजींचं नाव ऐकूनच आली, त्यांच्या हाताखाली शिकायला म्हणून. तसं तिला शिकायचं फारसं उरलं नव्हतं, असं तिचं मत होतं. मुलांचं निरीक्षण हाच तिचा विषय. उघड्यावर शिकणारं मूल मनानं बरं आहे का, हातातल्या कामात रमलंय की नुसतंच बसलंय, हे डोळ्यांवरून, खांद्यांवरून, बोटांच्या हालचालीवरून कसं ओळखायचं, ते तिनं अभ्यासलं होतं आणि त्यात ती पहिली आली होती.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी तिला विचारलं होतं, “पोरं बघता येत्यात का तुला?”

“तेच तर शिकून आलेय मी. मूल समोर आलं की मला कळतं.”

“मग बस.”

ती बसली. लिंबापासून थोड्या अंतरावर एक सपाट दगड होता, त्यावर. गुरुजींनी त्यापुढं एक अक्षरही शिकवलं नाही. इतक्या लांबून गुरू शोधत यावं आणि गुरूनं बसायला दगड द्यावा, यासारखी फजिती नाही. पण ती जिद्दीची. बघत राहिली.

आता मात्र तिचे डोळे चुरचुरत होते. पाठ धरली होती. रोज तीच पोरं, तोच माळ, तोच वारा. खरं सांगायचं तर तिला आता कोण रमतंय आणि कोण नाही याचं काहीच वाटेनासं झालं होतं. पत्र्याच्या खोलीत तिची बॅग भरून तयार होती. संध्याकाळच्या एसटीनं ती जाणार होती, आणि हे गुरुजींना तिनं अजून सांगितलं नव्हतं.

फक्त साऊचं तेवढं राहिलं होतं.

साऊ सहा वर्षांची. बाप मायाप्पा मेंढरं राखणारा. पावसाळाभर त्यांची मेंढरं याच माळावर चरायची आणि दिवाळी सरली, गवत संपलं, की वाडा हलायचा. धनगराचा वाडा म्हणजे चौकट-तुळयांचा वाडा नव्हे. मेंढरांनी आणि माणसांनी जिथं पाठ टेकायची, भोवती काट्यांचं नाहीतर जाळीचं कुंपण घालायचं, तो वाडा. तो घोड्यावर लादता येतो.

उद्या पहाटे वाडा निघणार होता. साऊला गावात आत्याकडं ठेवायचं की बरोबर न्यायचं, एवढं ठरायचं होतं. आई म्हणाली होती, पोर शाळंत रमत असंल तर ऱ्हाऊ द्या, शिकंल. झुरत असंल तर हितं टाकून मला घास गिळायचा न्हाई.

म्हणजे पोरीचं सगळं वर्ष शलाकाच्या एका शब्दावर टांगलेलं. आणि तो शब्द काही तिला सापडत नव्हता.

“मी सगळं करून पाहिलं, गुरुजी.”

“काय केलंस?”

“ती तिकडं ओढ्याच्या काठाला एकटीच बसते. सगळ्यांकडं पाठ करून. खडे इकडचे तिकडं करते. मी जवळ जाते. हळूच विचारते, साऊ, काय करतेस? मजा येतेय का?”

“मग?”

“हातातले खडे टाकते. उठून उभी राहते. म्हणते, काय न्हाई.”

“रोज?”

“रोज.”

“आन तू रोज विचारतियास…”

शलाका म्हणाली, “बाकीच्या मुलांचं मला चटकन कळतं. ती हसतात, बोलतात. आज सावली मोजायला किती उत्साहानं पळाली, पाहिलंत ना? साऊचंच घोडं पेंड खातंय.”

माळावर पोरं लिंबाची सावली पावलांनी मोजत होती. सकाळी मोजली होती, आता पुन्हा मोजत होती, आणि सावली आखडली कशी यावर त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. सावली चोरीला गेली, असं एकाचं म्हणणं होतं.

तेवढ्यात एका पोरानं शलाकाकडं पाहिलं. शेजारच्याला कोपर मारलं.

“ए, बाई बघत्यात!”

भांडण थांबलं. सगळी पोरं एकदम हसायला लागली. छान, दात दाखवून.

गुरुजींनी बाटलीला बूच लावलं.

“तू आल्यापासनं पोरं लई हसाय लागल्यात.”

“हो ना? मलाही तसंच वाटलं.” शलाकाला बरं वाटलं. गुरुजींच्या तोंडून आलेलं हे पहिलंच कौतुक.

“त्यांला कळलंया, बाईला हसल्यालं आवडतंय.”

शलाकाचा चेहरा उतरला. तिनं पोरांकडं पाहिलं. ती अजून हसत होती. आणि सावली तशीच पडून होती, तिच्याकडं आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

“म्हणजे मी इतके दिवस…”

गुरुजींना खोकला आला. तो बराच वेळ चालला आणि संपला तेव्हा ते आणखी थकलेले दिसले.

“मी दमलेय, गुरुजी.” शलाका म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं लपवलं नाही. “खरंच दमलेय. पाहून पाहून दमले. मला आता काही दिसत नाही.”

“मीबी दमलोय.”

“तुम्ही तरी सांगा. तुम्ही इतकी वर्षं पाहताय. साऊ रमते का?”

गुरुजींनी काठी उचलली आणि शलाका बसायची त्या दगडाकडं रोखली. मग काठी हळूहळू फिरवून माळाच्या दुसऱ्या बाजूला नेली. तिकडं काहीच नव्हतं. उघडा खडक, एक बाभळ आणि लांबवर एसटीचा रस्ता.

“तिकडं तोंड करून बस.”

“पोरांकडं पाठ करून?”

“व्हय.”

“पाठ करून दिसणार काय?”

“काय न्हाई दिसायचं.”

“मग?”

“मग काय… बस.”

शलाकाला राग आला. आपली थट्टा चालली आहे, असं तिला वाटलं. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणावं, माणसाला खडकाकडं तोंड करून कशाला बसवायचं? पण भांडायलाही अंगात जोर लागतो. ती उठली, दगडापाशी गेली आणि पोरांकडं पाठ करून दगडाच्या खाली, मातीतच बसली. दगडाला टेकली. चपला काढून बाजूला ठेवल्या.

आधी तिला कान द्यावेसे वाटले. डोळ्यांनी नाही तर कानांनी पाहू, असं तिनं मनाशी ठरवलं. हुशार माणसाला गप्प बसवणं फार कठीण असतं. कोण ओरडलं, कोण रडलं, साऊचा आवाज येतो का, हे ती टिपत राहिली.

मग तेही नकोसं झालं. ऊन पाठीवर येत होतं. वारा ओढणी उडवत होता आणि ती सावरायचाही तिला कंटाळा आला.

पोरांचं सावलीचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं. या वेळी कुणी हसत नव्हतं. चांगलं कडाक्याचं चाललं होतं.

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. तिच्या मागं धूळ उठली आणि बसली.

शलाकाचे डोळे मिटले.

जाग आली तेव्हा सावली लांबली होती.

ती हलणार, तोच तिला पायापाशी काही दिसलं. बाभळीची एक काटकी. तिच्यापुढं दुसरी. मग तिसरी. काटक्यांची ओळ तिच्या पायांवरून वळसा घेत डाव्या हाताला गेली होती, दगडामागून फिरून उजव्या हाताला निघाली होती. मधून मधून दगड रचले होते. समोर एक जागा मोकळी सोडलेली, आणि तिथं तिची एक चप्पल आडवी ठेवलेली होती.

आत तिच्याभोवती खडे होते. काळे, पांढरे, करडे. काही एकमेकांना चिकटून, काही तिच्या गुडघ्याला टेकून. ओढणीचं टोक वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक मोठा खडा ठेवलेला.

कुंपणाच्या बाहेर साऊ उकिडवी बसली होती. तिच्या ओठांवर हसू नव्हतं. कपाळाला आठी होती. ती एका काटकीला दुसरी काटकी अडकवत होती, आणि ती अडकत नव्हती, आणि ती पुन्हा अडकवत होती.

शलाकाच्या तोंडाशी प्रश्न आला. काय करतेस, साऊ?

तिनं तो गिळला.

काटकी अडकली. साऊनं हात झाडले आणि वर पाहिलं.

“हलू नका,” ती म्हणाली. “पाय दुखत्यात तुमचं.”

“हो,” शलाका म्हणाली.

“म्हनून वाड्यात घेतलंया. दमल्यालं मेंढरू रानात न्हेत न्हाईत. मरतंय वाटंत.”

“मग काय करतात त्याचं?”

“वाड्यात ठिवत्यात. बरं व्हतंय आपलं आपुन.” साऊनं चपलेकडं बोट दाखवलं. “त्ये कुत्रं हाय. कोन आलं तर भुंकंल.”

“आणि दुसरी चप्पल?”

“ती चप्पल हाय,” साऊ म्हणाली. इतकंही कळत नाही का, असा तिचा सूर होता.

शलाकाला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं. ते तिला स्वतःलाच अनोळखी वाटलं.

“तू मला कधीपासून बघतेस गं?”

“तुमी आल्यापासनं. तुमी रमत न्हाई हितं.”

“कुणी सांगितलं?”

“कोन कशाला सांगंल… दिसतंया की.”

शलाकानं खाली पाहून गुडघ्याला टेकलेला एक करडा खडा उचलला, आणि तो होता तिथंच परत ठेवला.

मायाप्पा आला तेव्हा पोरं घरी निघाली होती. डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं. त्यानं गुरुजींना लांबूनच हात जोडले.

“राम राम, गुरुजी.”

“राम राम. हलला का वाडा?”

“पहाटं हलतोय. घोड्यावर लादायचं काय काय बांधून ठिवलंया.” तो शलाकापाशी आला. ती मातीत बसलेली, भोवती काटक्या, दारात चप्पल. त्यानं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. मग कुंपणाच्या बाहेरच खाली बसला.

“बाई, म्या अडानी मानूस. तुमी शिकल्याल्या. हिच्या आईनं निरोप दिलाया, बाईंला इचारून ये. पोर रमती का हितं?”

शलाकानं गुरुजींकडं पाहिलं.

गुरुजी तेलाची बाटली पिशवीत घालत होते. पिशवीचं तोंड त्यांना सापडत नव्हतं, की सापडत नसल्यासारखं ते करत होते, कोण जाणे.

“मला माहीत नाही,” शलाका म्हणाली.

हे शब्द तिच्या तोंडून आजवर निघाले नव्हते. ते निघाल्यावर तिला भीती वाटली, आणि हलकंही वाटलं.

“आसं कसं?” मायाप्पा गोंधळला. “इतकं दिस बघताय न्हवं?”

“बघत होते. पण… नाही कळलं मला. खोटं कसं सांगू तुम्हाला?”

मायाप्पानं पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. डोकं खाजवलं. गडी काही रागावला नव्हता, पण बायकोला जाऊन काय सांगावं, हा त्याच्यापुढं मोठा प्रश्न होता.

“मंग न्हेतो हिला,” शेवटी तो म्हणाला. “उगं पोर झुरायला नगं. चल साऊ, आत्याकडं ठिवल्याली कापडं घिऊ.”

साऊ उठली नाही.

“चल की.”

“आबा, कसं यिऊ?”

“का? काय झालं?”

“मेंढरू दमलंया.” साऊनं शलाकाकडं बोट दाखवलं. “तुमीच म्हनता, दमल्यालं मेंढरू एकलं टाकू नये. कुनीतरी मागं ऱ्हायचं.”

मायाप्पाचं तोंड उघडं राहिलं. मग मिटलं.

“आगं, त्या बाई हैत. त्यांला हैत की गुरुजी.”

“गुरुजीबी दमल्यात.”

गुरुजींना पुन्हा खोकला आला. तो खोकलाच होता की आणखी काही, ते सांगता येणार नाही.

मायाप्पा लेकीकडं बघत राहिला. एकाएकी त्याचे डोळे भरले. त्यानं घोंगड्याच्या टोकानं ते पुसले आणि धूळ गेली म्हणाला.

“आईची याद यील न्हवं? मंग रडशील.”

“यील की,” साऊ म्हणाली. “आत्तापन येतीया.”

“मंग?”

साऊनं खालचा एक पांढरा खडा उचलून त्याला दाखवला.

“ही आई.”

तिनं तो खडा पुन्हा वाड्यात ठेवला. शलाकाच्या पायाजवळ, वाऱ्याच्या आडोशाला.

मायाप्पानं पागोटं डोक्यावर चढवलं. उठला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिथंच बराच वेळ राहिला.

“परतीला येतो. पाऊस पडायच्या आत,” तो म्हणाला. “आईला काय सांगू?”

“सांगा, मेंढरू बरं व्हईस्तवर हाय म्हनावं.”

तो माळ उतरून गेला. एकदा थांबला, पण वळून पाहिलं नाही. साऊ त्याच्याकडं बघत होती. खालचा ओठ थरथरत होता. तिनं तो दातांत धरला, आणि पाठमोरा बाप ओढ्यापलीकडं दिसेनासा झाला तेव्हा ती हुंदका देऊन रडली. थोडंसंच रडली. मग फ्रॉकनं नाक पुसलं.

“पाला आनते,” ती शलाकाला म्हणाली. “भूक लागली आसंल.”

आणि लिंबाकडं पळाली.

शलाका मातीत बसून होती. पाय बधिर झाले होते. समोरच्या रस्त्यावर धुळीचा लोट दिसायला लागला. संध्याकाळची एसटी येत होती. ही चुकली तर उद्यापर्यंत दुसरी नव्हती.

“गुरुजी.”

“काय?”

“मी आज जाणार होते. बॅग भरून ठेवलीय.”

“ठावं हाय.”

“तुम्हाला कसं कळलं?”

गुरुजी काठीला रेलून उठायचा प्रयत्न करत होते. एका दमात जमलं नाही. पुन्हा बसले.

“आत्ता ती रडली, गुरुजी. आणि काटक्या अडकवताना तिचं माझ्याकडं लक्षसुद्धा नव्हतं, इतकी ती गुंगली होती. आईची आठवण येते म्हणते. तरी राहिली.” शलाकाचा आवाज थकलेला होता, पण सकाळचा त्रागा त्यात नव्हता. “मला अजूनही कळलं नाही. ही रमली म्हणायची… की झुरतेय म्हणायची?”

लिंबाखाली साऊ उड्या मारत होती. फांदी हाताला येत नव्हती.

एसटी फाट्यावर थांबली. हॉर्न वाजला. कंडक्टर कुणाची तरी वाट बघत असावा.

शलाकानं एक हात जमिनीला टेकला आणि पाय गोळा केले. गुडघ्यापाशी काटकी हलली. दोन-तीन मेंढरं कलंडली.

हॉर्न पुन्हा वाजला.

गुरुजी म्हणाले, “उठू नगं, पोरी… वाडा मोडंल.”